प्रतीक्षायादीतल्या दोघी

दुपारी बारा वाजता चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं, तेव्हा आत एकही गिऱ्हाईक नव्हतं आणि तरीही बसायला जागा नव्हती. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आबा. डोळे तपासायच्या उंच खुर्चीत काकू, पाय जमिनीला न टेकता. काउंटरवर लवंगी आणि मनी. स्टुलावर आई, तीही वॉर्डातल्या पांढऱ्या बुटांसकट, कारण ती अर्धी ड्यूटी टाकून आली होती. काका उभा होता. त्याला बस म्हटलं असतं तरी तो बसला नसता. आणि बाबा, म्हणजे या दुकानाचा मालक, स्वतःच्याच दुकानात कोपऱ्यात, अक्षरांच्या तक्त्याला पाठ लावून उभा होता.

मधली प्लायवूडची भिंत अकरा वर्षांपूर्वी आबांनीच घातली होती. पुढे थोरल्याचे चष्मे, मागे धाकट्याचं ड्रायव्हिंग स्कूल. पाटीवर कोणाचं नाव वर, यावरून दोघा भावांचं जे बिनसलं ते गेल्या वर्षापासून तसंच होतं. बोलायचे, पण कामापुरतं. आज कामच असं निघालं होतं की भिंतीचं दार उघडावं लागलं.

काउंटरवर फ्रेमच्या ट्रेशेजारी दोन कागद पडले होते.

पहिला सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाचा. त्यात लिहिलं होतं की लवंगीची निवड झाली आहे; आज संध्याकाळी पाचच्या आत मूळ प्रमाणपत्रं आणि पालकाच्या सहीचा करार भरती कार्यालयात आणून द्यावा. दुसरा कागद शहरातल्या मेडिकल कॉलेजच्या प्रतीक्षायादीचा. शेवटची फेरी आज तीन वाजता, कॉलेजच्या सभागृहात. प्रतीक्षा क्रमांक चार, लवंगी. प्रतीक्षा क्रमांक पाच, मनी.

लवंगी थोरल्याची, म्हणजे बाबाची; मनी धाकट्याची, म्हणजे काकाची. आठ महिन्यांचं अंतर. एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली दोघींनी दोन वर्षं अभ्यास केला होता. पहिल्या वर्षी दोघी मिळून आपटल्या, दुसऱ्या वर्षी दोघी मिळून काठावर आल्या.

काका काल कॉलेजच्या ऑफिसात जाऊन चौकशी करून आला होता. जागा चारच उरल्या होत्या.

म्हणजे हिशोब अगदी सरळ होता. लवंगी फौजेत गेली तर चौथी जागा मनीची. लवंगी शहरात राहिली तर मनी अजून एक वर्ष घरी. प्रमाणपत्रांचा मूळ संच एकच, तो दोन ठिकाणी देता येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

“मी म्हणतो,” काकाने सुरुवात केली, “फौजेसारखं दुसरं काही नाही. फी नाही. राहणं, खाणं, कपडे, पुस्तकं, सगळं त्यांचं. वर पगार! शिकता शिकता पगार! केससुद्धा फुकट कापून देतात.”

“कोण कापतं?” काकूने खुर्चीतून विचारलं. तिचं केस कापायचं पार्लर होतं आणि या एका विषयात ती कधी गप्प बसत नसे. “मुलींचे केस कोण कापतं तिथे? गवत कापणारा?”

लवंगी फिस्सकन हसली. सकाळपासून ती हसतच होती. पत्र आलं तेव्हा हसली, यादी आली तेव्हा हसली, दात घासताना आरशात बघून हसली. जन्मली तेव्हा दीड किलोची होती आणि रडण्याने सगळा मजला जागा केला, म्हणून आईच्या वॉर्डातल्या नर्सांनी तिला लवंगी म्हटलं, ते तसंच चिकटलं.

“सात वर्षं,” बाबा म्हणाला. सकाळपासूनचे त्याचे हे पहिलेच शब्द. “डॉक्टर झाल्यावर सात वर्षं ते म्हणतील तिथे. बर्फात म्हणाले तर बर्फात. मधेच सोडता येत नाही. इथे बसने वीस मिनिटांवर कॉलेज आहे. रात्री घरी येईल. आपल्या पानावर जेवेल.”

“दादा, अरे, पोरीचं भविष्य बघ!”

“तुला तिच्या भविष्याचं एवढं कधीपासून पडलंय?”

दुकानात एकदम शांतता झाली. तक्त्यावरचं सगळ्यात खालचं, सगळ्यात बारीक अक्षरसुद्धा ऐकू आलं असतं.

काकाचे कान लाल झाले. तो काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, “मला भाऊजींचं पटतं.”

बाबाने मान वळवून बायकोकडे असं पाहिलं जणू त्याच्याच दुकानातून कोणी न विचारता चष्मा उचलून नेला होता.

“बावीस वर्षं वॉर्डात आहे मी,” आई म्हणाली. “नवी डॉक्टर येते. हुशार, दिवसभर पायावर उभी. आणि पेशंटचा नवरा तिला म्हणतो, ‘ताई, जरा डॉक्टरांना बोलवा ना.’ रोज. एकीलाही हे चुकलेलं नाही. फौजेत खांद्यावरच लिहिलेलं असतं कोण आहे ते. विचारायची कोणाची टाप नाही.”

“मग झालं!” काका जवळजवळ नाचला. “वहिनी आमच्या बाजूला!”

“मी नाही तुमच्या बाजूला,” काकू म्हणाली.

आता काकाची मान वळली.

*

काकूला बोलायचं नव्हतं. उंच खुर्चीतून तिला सगळ्यांची टाळकी दिसत होती आणि टाळकं दिसलं की तिला माणूस कळतो, असं ती गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची. नवऱ्याच्या टाळूवर घाम होता. खोटं बोलताना त्याला तिथेच घाम यायचा. तसं तो खोटं बोलत नव्हता म्हणा. प्रत्येक शब्द खरा होता. फक्त तो ज्यासाठी बोलत होता ते वेगळं होतं. त्याला मुलीसाठी जागा हवी होती. तिलाही हवीच होती. मनी पुस्तक तोंडावर घेऊन झोपायची आणि सकाळी तिच्या गालावर पानाची घडी उमटलेली असायची, ती रोज काकूच पाहायची.

पण मोठ्या जावेपुढे असं पदर पसरून उभं राहायचं?

“लवंगीने शहरातच राहावं,” ती म्हणाली. “तिचा नंबर आधी आहे. मनीचं पुढच्या वर्षी बघू. आम्हाला कोणी सरकून दिलेली जागा नको.”

“अगं, सरकून दिलेली काय! तिची निवड झालीय!”

“तुम्ही गप्प बसा.”

“मी का गप्प बसू?”

“कारण तुमचं टाळकं ओलं झालंय.”

लवंगी इतकी हसली की काउंटरवरून खाली घसरली. आईलाही हसू फुटलं, पण लगेच तिने ते आवरलं. गंमत अशी झाली होती की एका बाजूला आई आणि काका, दुसऱ्या बाजूला बाबा आणि काकू. पाच मिनिटांत दोन्ही संसार उलटसुलट शिवले गेले होते. ज्या जावा वर्षभर एकमेकींना आपापल्या नवऱ्यांच्या बाजूने टोमणे मारत होत्या, त्या आता एकमेकींच्या नवऱ्यांची वकिली करत होत्या.

“आबा, तुम्ही काहीतरी बोला,” काका शेवटी म्हणाला. “तुम्ही फौजेत होता. सांगा दादाला.”

सगळे आबांकडे वळले. आबांनी फौजेत एकोणीस वर्षं रुग्णवाहिका चालवली होती. फौजेबद्दल ते जेवढं बोलायचे, तेवढं साधारण एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

“मुलाखतीत काय विचारलं?” त्यांनी लवंगीला विचारलं.

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. निकाल काय, जागा किती, तारीख कोणती, एवढंच सगळे विचारत होते.

“आबा, खूप मज्जा!” लवंगी काउंटरला पाठ लावून उभी राहिली, हात हलवायला जागा करून. “लेखी परीक्षा दोन्हीकडे होती, वेगवेगळी. पण इथे काय, मार्क आले, यादी लागली, संपलं. तोंड कोणी बघितलं नाही माझं. तिथे लेखी झाल्यावर धावणं. मग वजन. माझं अर्धा किलो कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, तासाभरात भरून आण नाहीतर घरी जा. मी सहा केळी आणि दोन बाटल्या पाणी पोटात घातलं! वजनकाट्यावर उभी होते तेव्हा पोटात असा आवाज येत होता की डॉक्टरांनी विचारलं, ‘आत कोणी आहे का?’”

“अगं बाई,” काकू म्हणाली. सरकून दिलेल्या जागेचा राग ती दोन क्षण विसरली.

“मग मुलाखत. लांब टेबल, पलीकडे सात जण. एकाने विचारलं, ‘तुम्ही हसताय का?’ मी म्हटलं, ‘सर, घाबरले की मला हसू येतं.’ ते म्हणाले, ‘मग ऑपरेशन थिएटरमध्ये काय करणार?’ मी म्हटलं, ‘मास्क असतो ना सर.’”

आता बाबाचासुद्धा ओठ हलला.

“आणि शेवटी एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी विचारलं, ‘आपला जखमी आणि शत्रूचा जखमी एकदम आले, तर आधी कोणाला घ्याल?’ मी म्हटलं, ‘ज्याचं रक्त जास्त वाहतंय त्याला.’ त्या म्हणाल्या, ‘हे पुस्तकात वाचलं का?’ मी म्हटलं, ‘नाही मॅडम, आमचे आबा गाडी चालवायचे, ते जखमींना असंच भरायचे.’”

आबांनी चष्मा काढला, काच पुसली, पुन्हा घातला. ही गोष्ट त्यांनी तिला सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. कधीतरी शाळेत सोडायला जाताना सांगितली असेल.

“मी काही सांगणार नाही,” ते मग म्हणाले. “मी चांगलं सांगितलं तर हा,” बाबाकडे बोट दाखवून, “मला माफ करणार नाही. वाईट सांगितलं तर तो. पण एक आहे. तिथे बदलीचा कागद येतो तेव्हा ‘का’ विचारायचं नसतं. हिने लहानपणापासून ‘का’शिवाय दुसरं काही विचारलेलं नाही. ते तिचं तिने बघावं.”

*

“चल,” लवंगी मनीच्या कानात म्हणाली. दोघी बाजूच्या छोट्या खोलीत गेल्या, जिथे काच घासायचं यंत्र होतं. तिने यंत्र सुरू केलं, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये.

मनी यंत्राशेजारच्या खोक्यावर बसली. तिच्या डोळ्यांवर उणे सहाचा चष्मा होता, बाबानेच बनवलेला. कडा कमी जाड दिसाव्यात म्हणून दोनदा घासलेला. फौजेचा अर्ज तिनेही भरला होता. तिथल्या लेखी परीक्षेत ती लवंगीच्या पुढे होती. डोळे तपासणीत चष्मा काढायला लावला आणि तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचायला सांगितलं. तिने विचारलं, “तक्ता कुठे आहे?” तिथेच तिचा तो रस्ता संपला. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या आणि नंतर मनी न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून बसली होती.

“मला जायचंय,” लवंगी म्हणाली. “खरंच. तुझ्यासाठी नाही. मला जायचंय.”

“तू तेच म्हणणार.”

“अगं, पण खरं आहे!”

“मला कसं कळणार?” मनी म्हणाली. “तुलाही कसं कळणार? तू जाशील, मी डॉक्टर होईन, आणि मग प्रत्येक पेशंटला तपासताना मला वाटेल, ही जागा तिने दिलेली आहे. तुझं लग्न असो, माझं असो, आपण म्हाताऱ्या होऊन दात काढायला जाऊ तेव्हासुद्धा. तू कधी बोलणार नाहीस. तुझी आई बोलेल. तुझे बाबा बोलणार नाहीत पण बघतील. मला नको असली जागा.”

लवंगी पहिल्यांदाच हसत नव्हती. यंत्र घरघरत होतं.

“मग मी काय करू? शहरात राहू? तू वर्षभर घरी बसलीस तर मला आवडेल?”

“मला माहीत नाही,” मनी म्हणाली. “दोन वर्षं एवढा अभ्यास केला. जीवशास्त्राच्या एकाही पुस्तकात याचं उत्तर नाही.”

या वाक्यावर दोघींना एकदम हसू आलं. कारण नव्हतं. थांबेना. काकू आत डोकावली तेव्हा दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हलत होत्या आणि रडताहेत की हसताहेत ते काकूला कळेना. “अडीच वाजले,” ती म्हणाली. “ठरवायचं ते गाडीत ठरवा.”

*

गाडी म्हणजे काकाची शिकवायची गाडी. छपरावर भला मोठा लाल फलक आणि आत दोन ब्रेक. एक ड्रायव्हरच्या पायाखाली, एक शेजारी बसणाऱ्याच्या. सात माणसं त्यात बसवणं हे वैद्यकीय प्रवेशाहून अवघड होतं. मागे आबा, आई, काकू, आणि मांड्यांवर दोन डॉक्टर. पुढे काका. शेजारी बाबा, प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून.

“दादा, पाय मागे घे. ब्रेक आहे तिथे.”

“माहीत आहे.”

पहिल्या चौकात गाडी गचकन थांबली. दुसऱ्या चौकातही. सिग्नल हिरवा होता.

“दादा!”

“मी काही केलं नाही.”

“मग गाडी काय स्वतःच्या मनाने थांबतेय?”

मागच्या सगळ्यांची डोकी पुढच्या सीटवर आपटत होती. आबा म्हणाले की यापेक्षा तोफांच्या माऱ्यात त्यांनी बरी गाडी चालवली होती, आणि हे युद्धाबद्दल त्यांनी घरात उच्चारलेलं पहिलं वाक्य आहे, हे आईच्या लक्षात आलं. मागून एक शिकाऊ मुलगी स्कूटरवर त्यांना मागे टाकून गेली आणि जाताना तिने काकाला हात केला. ती त्याचीच विद्यार्थिनी होती.

सभागृहात पोचले तेव्हा तीनला दोन मिनिटं होती. आत पन्नाससाठ कुटुंबं होती आणि आवाज असा की जणू सगळ्यांचं एकाच वेळी भांडण चाललंय. व्यासपीठावर एक टेबल, एक कारकून, मागे फळा. कारकुनाने खडू उचलला. आवाज थांबला. त्याने लिहिलं, ‘रिक्त जागा’, आणि मग जरा थांबून, हातातल्या कागदाशी ताडून, पुढे आकडा काढला.

पाच.

मनीने चष्मा नीट केला. पुन्हा पाहिलं. “चार आहे की पाच?” तिने लवंगीला विचारलं, कारण तिचा स्वतःच्या डोळ्यांवर कधीच विश्वास नव्हता.

“पाच,” लवंगी म्हणाली.

“पाच!” काका ओरडला. “एकाने काल सोडली असणार! पाच!”

मग जे झालं ते मनीला पुढे नीट क्रमाने कधीच सांगता आलं नाही. काकाने बाबाला मिठी मारली, पाटीच्या भांडणानंतरची पहिली. बाबाच्या हातातली फाईल दोघांच्या मधे चिरडली. आई आणि काकू एकमेकींचे हात धरून लहान मुलींसारख्या उड्या मारत होत्या, पांढरे बूट आणि उंच टाचा. सगळ्या बाजू एका क्षणात वितळल्या. आता कोणीच फौजेच्या बाजूचं नव्हतं. दोघी! एकाच कॉलेजात! एकाच बसने! काका म्हणत होता की तो रोज स्वतः सोडेल, बाबा म्हणत होता की दोघींना पांढऱ्या कोटांवर शोभतील अशा नव्या फ्रेम करतो. आईसुद्धा म्हणाली, “वॉर्ड माझाच आहे, बघते कोण ताई म्हणतो ते.”

फक्त आबा खाली बसले होते आणि लवंगीकडे पाहत होते. मनीनेही तिकडे पाहिलं.

लवंगी फळ्याकडे बघत होती. तिचा चेहरा असा दिसत होता जसा मुलाखतीहून आली तेव्हा दिसला होता, उजळलेला. मनीला कळलं. आता पाच जागा होत्या. आता कोणी कोणाला काही देऊ शकत नव्हतं.

“जा ना,” ती लवंगीला हळूच म्हणाली. “आता मला कळेल.”

एक, दोन, तीन नंबर गेले. “प्रतीक्षा क्रमांक चार,” कारकून म्हणाला.

बाबाने फाईल सरळ केली, तिच्या हातात दिली. लवंगी पायऱ्या चढून टेबलापाशी गेली.

“प्रमाणपत्रं,” कारकुनाने हात पुढे केला.

“मला नको आहे,” लवंगी म्हणाली.

“काय नको आहे?”

“जागा.”

कारकुनाने वर पाहिलं. पंधरा वर्षांत त्याला जागेसाठी रडणारे, पाया पडणारे, एकदा तर चक्कर येऊन टेबलावर पडलेले लोक भेटले होते. “लिहून द्या,” तो शेवटी म्हणाला, कारण यासाठी दुसरं वाक्य त्याच्याकडे नव्हतं.

तिने लिहून दिलं. उभ्याउभ्याच, हसत.

“प्रतीक्षा क्रमांक पाच.”

मनीला आपण व्यासपीठावर कसे गेलो ते आठवलं नाही. तिने सही केली आणि मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, जो तिने आयुष्यात कधी काढला नव्हता, अगदी लवंगीचाच. काकू खाली उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होती.

“प्रतीक्षा क्रमांक सहा.”

कोणी उठलं नाही. “क्रमांक सहा?” शेवटच्या रांगेतून तिशीतला एक माणूस उठला. औषधाच्या दुकानात काम करणारा असावा. खिशाला दुकानाचा बिल्ला होता. त्याने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे दुसरा कोणी सहावा आहे का ते. मग तो धावला, खुर्च्यांवरून, माणसांवरून, आणि टेबलापाशी पोचल्यावर त्याने कारकुनाच्या गालाचा मुका घेतला.

*

भरती कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि चार वाजत आले होते.

गाडीत बाबाची फाईल पुन्हा छातीशी होती. गाडी परत गचकन थांबली.

“दादा,” काका म्हणाला, पण या वेळी अगदी हलक्या आवाजात. त्याची मुलगी मागे बसली होती, हातात प्रवेशाची पावती घेऊन, आणि मोठ्या भावावर ओरडण्याचा हक्क आज त्याला वाटत नव्हता.

बाबाने आरशात मागे पाहिलं. “पाच होत्या,” तो लवंगीला म्हणाला. “तुला घेता आली असती.”

“हो बाबा.”

“मग?”

“तिथे त्यांनी मला बघितलं,” लवंगी म्हणाली. “सात जणांनी. पोट गुडगुडताना, हसताना, चुकीचं उत्तर देताना. दोन उत्तरं चुकली माझी. सगळं बघून मग हो म्हणाले. इथे मी नंबर चार आहे.”

“घरी तू नंबर चार नाहीस.”

“घर सोडतेय कुठे? कॉलेज निवडतेय.”

“आणि ‘का’ विचारता नाही आलं तर?”

“तर पत्रात तुम्हाला विचारीन.”

आई पुढे वाकली आणि तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा खिडकीबाहेर बघत राहिला. चपलांचं एक दुकान गेलं, एक शाळा गेली. मग काकाला पायाखाली पेडल हलकं झाल्याचं जाणवलं. शेजारचा पाय निघाला होता. त्याने गाडी अशी सोडली की छपरावरचा लाल फलक थडथडायला लागला, आणि मागे काकू म्हणाली, “अहो, आमची मुलगी आत्ता कुठे कॉलेजात लागलीय, जिवंत पोचवा!”

पाचला बारा मिनिटं असताना सातही जण भरती कार्यालयाच्या खिडकीपाशी होते. आत खाकी शर्टातला एक कारकून होता, ज्याची नजर सतत घड्याळाकडे जात होती.

“पालक कोण?”

आबा, बाबा आणि काका तिघे एकदम पुढे सरकले.

“एकच,” कारकून म्हणाला.

आबा मागे झाले. काका मागे झाला. बाबाने पेन घेतलं. करारावर सात वर्षं आकड्यातही लिहिलेली होती आणि अक्षरातही. त्याने दोन्ही वाचलं. मग इतक्या जोरात सही केली की निब कागदात घुसलं आणि कागद उभा फाटला.

“अरे देवा,” कारकून म्हणाला. “नवा फॉर्म घ्या. सगळं पुन्हा भरावं लागेल. नऊ मिनिटं आहेत.”

मग एकच धांदल. एकाने वाचायचं, एकाने सांगायचं, बाबाने लिहायचं. जन्मतारीख आईने सांगितली, वजनात लवंगीने अर्धा किलो वाढवला, रक्तगट मनीने, पत्त्याचा पिनकोड काका आणि काकूने वेगवेगळा. चार मिनिटं उरली तेव्हा शेवटच्या रकान्यावर गाडी अडली.

“शरीरावरच्या ओळखीच्या खुणा,” कारकुनाने वाचलं. “दोन. लवकर सांगा.”

“मानेवर तीळ आहे ना?” काकू म्हणाली. “केस कापताना बघितलाय.”

“तो माझ्या मानेवर,” मनी म्हणाली.

“गुडघ्यावर काहीतरी आहे,” आई म्हणाली, “डाव्या. का उजव्या?”

“उजवी भुवई,” बाबा म्हणाला. तो लिहितच होता. “बाहेरच्या टोकाला. तांदळाच्या दाण्याएवढा व्रण. तिथे केस उगवत नाहीत.”

सगळ्यांनी लवंगीच्या भुवईकडे पाहिलं. होता. अठरा वर्षं तिच्याबरोबर राहून कोणाला दिसला नव्हता. लवंगीने स्वतः बोट लावून पाहिलं.

“कशाने झाला?” कारकुनाने विचारलं. “रकाना आहे.”

“हिला पहिल्यांदा खांद्यावर बसवलं,” बाबा म्हणाला, “आणि दुकानाच्या दाराची उंची विसरलो.”

बाबाने तेही लिहिलं. “दुसरी खूण?” कारकून म्हणाला.

बाबाने पेन खाली ठेवलं. त्याने दोन बोटांनी लवंगीची हनुवटी धरली, गिऱ्हाइकाची धरतो तशी, आणि तिचा चेहरा खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे वळवला. डावा गाल पाहिला. उजवा गाल पाहिला. कपाळ. कान. लवंगी डोळे मिटून उभी होती. घड्याळात पाचला एक मिनिट उरलं होतं. बाबाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा काढला.

“दिसत नाहीये,” तो म्हणाला. “जरा थांबाल का?”

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. मग आपल्या पेनाचं टोपण लावून ते टेबलावर ठेवलं.

“थांबतो,” तो म्हणाला.